प्रभूचा दिवस आणि यिर्मयाचें खरेदीखत

शास्त्रपाठ : यिर्मया ३२:६–२५, मत्तय २४:३६–५१

प्रभूच्या पुनरागमनाविषयीं आमच्या खेड्यापाड्यांतील मंडळ्यांत हल्लीं फार बोललें जातें. कोठें युद्धाची वार्ता आली, कोठें भूकंप झाला, कोठें रोगाची साथ पसरली, कीं लागलीच कोणी तरी मोबाइलवर एक तारीख धाडून देतो, आणि रविवारच्या उपासनेपूर्वीं ती साऱ्या गांवांत पसरलेली असते. प्रभु येणार हा आमचा विश्वास आहे. विश्वासांगीकारांत आम्ही तो उच्चारितों, आणि त्यांतून एक अक्षरही कमी करण्याचा आमचा हेतु नाहीं. परंतु ह्या तारखांनीं गरीब घरांचें काय होतें तें आम्हीं डोळ्यांनीं पाहिलें आहे, म्हणून हें लिहिणें भाग पडत आहे.

एका मंडळींत एक फिरता उपदेशक येऊन गेला. पुढच्या सुगीच्या आंत प्रभु येईल, असें त्यानें छातीवर हात ठेवून सांगितलें. एका घरानें तें मनावर घेतलें. त्यांनीं बैलजोडी विकली, रब्बीची ज्वारी पेरली नाहीं, दहावींत शिकणाऱ्या मुलीचें नांव शाळेंतून काढलें, आणि सोसायटीच्या कर्जाचा हप्ता भरला नाहीं. सुगी आली आणि गेली. उपदेशक तोंवर दुसऱ्या जिल्ह्यांत पोहोंचला होता. वसुलीची नोटीस मात्र बरोबर त्याच घरीं आली. पैशाचें नुकसान कष्टानें भरून निघेल. पण तीं माणसें लाजेनें उपासनेस येईनाशीं झालीं, आणि घरधनी आम्हांस म्हणाला, "पाळकसाहेब, एक गोष्ट खोटी निघाली, मग बाकीच्या कशावरून खऱ्या?" हा प्रश्न आम्हां सेवकांस टाळतां येणार नाहीं.

जी गोष्ट खोटी निघाली ती प्रभूची नव्हती, हें प्रथम ध्यानांत घ्यावें. तो दिवस व ती घटका देवदूतांस ठाऊक नाहीं, पुत्रासही नाहीं, एकट्या पित्यास ठाऊक आहे, असें प्रभूनें स्वतः शिष्यांस सांगितलें. पुत्र जें जाणत नाहीं असें म्हणतो, तें आपण जाणतों असें म्हणणारा मनुष्य कितीही भक्तिमान दिसला तरी त्याच्यापासून जपून असावें.

भक्तिमान माणसेंही ह्यांत फसतात. अमेरिकेंतील न्यूयॉर्क राज्यांत विल्यम मिलर नांवाचा एक शेतकरी होता. तो लबाड नव्हता; पवित्र शास्त्राचा मन लावून अभ्यास करणारा होता. दानीएलाच्या आठव्या अध्यायांत २३०० दिवसांचा उल्लेख आहे. एक दिवस म्हणजे एक वर्ष असें धरून, आणि ख्रिस्तपूर्व ४५७ पासून मोजून, प्रभु १८४३ च्या सुमारास येईल असा हिशेब त्यानें मांडिला. तो काळ गेला तेव्हां त्याच्या अनुयायांनीं २२ ऑक्टोबर १८४४ हा दिवस ठरविला, आणि मिलरनेंही शेवटीं तो मान्य केला. हजारों लोक वाट पाहत बसले. कित्येकांनीं धंदा बंद केला, कित्येकांनीं उभें पीक शेतांत तसेंच सोडिलें. दुसऱ्या दिवशीं सूर्य नेहमींप्रमाणें उगवला. इतिहासांत त्या दिवसास 'मोठी निराशा' हेंच नांव पडलें आहे. मिलरनें आपली चूक कबूल केली, आणि १८४९ सालीं मरेपर्यंत प्रभूची वाट पाहणें सोडिलें नाहीं. हें त्याच्याविषयीं सांगितलें पाहिजे, कारण आमच्याकडे तारीख सांगणारे चूक कबूल करण्यास सहसा मागें थांबत नाहींत.

त्याच भागाच्या शेजारीं, ह्यापूर्वीं ६४ वर्षें, १९ मे १७८० रोजीं भरदिवसा अंधार पडला. कोंबड्या खुराड्यांत परतल्या, घरोघर दिवे लावावे लागले. दूरच्या रानांतील वणव्यांचा धूर हें त्याचें कारण होतें, असें संशोधकांनीं पुढें झाडांच्या खोडांवरील जळक्या खुणांवरून दाखविलें. पण त्या दिवशीं तें कोणास ठाऊक? कनेक्टिकटच्या विधिमंडळांतील सभासदांस न्यायाचा दिवस आला असें वाटलें, व सभा तहकूब करावी असें ते म्हणूं लागले. तेव्हां एब्राहम डॅव्हनपोर्ट नांवाच्या सभासदानें सांगितलें कीं, तो दिवस आला नसेल तर सभा मोडण्याचें कारण नाहीं, आणि आला असेल तर आपण कामावर असतांनाच सांपडावें अशी आपली इच्छा आहे. म्हणून मेणबत्त्या आणवाव्या. आम्हांस हा गृहस्थ फार आवडतो.

चिन्हांविषयींही जपून बोलावें. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहांटे किल्लारीचा भूकंप झाला. गणेशविसर्जन करून लोक थकून झोंपले होते. दगडमातीच्या जड भिंती त्यांच्यावर पडल्या, आणि लातूर व त्या वेळच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत ७,००० हून अधिक माणसें दगावलीं. अशा गांवाकडे बोट दाखवून, हा पापाचा दंड, हें शेवटाचें चिन्ह, असें दुरून म्हणणें सोपें असतें. शिलोहाचा बुरूज पडून १८ जण मेले होते. ते इतरांहून अधिक पापी होते असें समजूं नका, असें प्रभूनें स्पष्ट सांगितलें, आणि ऐकणाऱ्यांसच पश्चात्ताप करावयास बोलाविलें. भूकंप होतील असें तो म्हणाला हें खरें. परंतु घाबरूं नका, एवढ्यानें शेवट होत नाहीं, असेंही तो त्याच बोलण्यांत म्हणाला. ढिगाऱ्याजवळ बसलेल्या मनुष्यास पाणी, घोंगडी आणि शेजारीं मुकाट्यानें बसणारें माणूस हवें असतें.

आतां यिर्मयाकडे येऊं. सिद्कीया राजाच्या कारकीर्दीचें दहावें वर्ष होतें, आणि बाबेलच्या सैन्यानें यरुशलेमास वेढा घातला होता. नगर पडेल, राजा धरला जाईल, असें यिर्मयानेंच सांगितलें होतें, व त्याबद्दल राजानें त्यास पहारेकऱ्यांच्या चौकांत कोंडून ठेविलें होतें. अशा वेळीं त्याचा चुलतभाऊ हनामेल येऊन म्हणतो, अनाथोथांतील माझें शेत तूं विकत घे. तो हक्क तुझा आहे. अनाथोथ यरुशलेमाजवळचेंच गांव, आणि भोंवतालचा मुलूख शत्रूच्या हातीं गेलेला. असें शेत कोण घेईल? आमच्या गांवचा शहाणा माणूस म्हणाला असता, फुकट दिलें तरी नको.

परंतु हनामेल येणार हें देवानें यिर्मयास अगोदरच कळविलें होतें. त्यानें १७ शेकेल रुपें तराजूंत तोलून दिलें. खत लिहिलें, मोहोर केली, साक्षीदारांच्या सह्या घेतल्या. एक प्रत मोहोरबंद व एक उघडी, अशा दोन्ही बारूखाच्या हातीं दिल्या, आणि त्या पुष्कळ दिवस टिकाव्या म्हणून मातीच्या मडक्यांत घालून ठेवावयास सांगितलें. ज्यांनीं तालुक्याच्या कचेरींत दिवसभर उभें राहून दस्त नोंदविला आहे, त्यांस हा अध्याय ओळखीचा वाटेल. अब्राहामानें मकपेलाची गुहा घेतली तो व्यवहार सोडला, तर खरेदीचा इतका बारीक तपशील शास्त्रांत आम्हांस दुसरीकडे आढळत नाहीं.

व्यवहार झाल्यावर यिर्मयाचेंही मन गोंधळलें. त्यानें प्रार्थनेंत देवापुढें हेंच मांडिलें कीं, वेढ्याचे मोर्चे नगरास येऊन भिडले आहेत, आणि अशा वेळीं तूं मला साक्षीदार करून शेत घे म्हणतोस! विश्वास असलेल्याच्या मनांत प्रश्न उठत नाहींत असें कोणी शिकवीत असेल, तर त्यास हा अध्याय वाचावयास द्यावा. देव त्यास रागें भरला नाहीं. ह्या देशांत लोक पुन्हा मोल देऊन शेतें घेतील व खतें लिहितील, असें त्यानें सांगितलें. नगराचा नाश सांगणारा आणि शेत घ्यावयास लावणारा देव एकच. यिर्मयास तें शेत कसावयास मिळालें नाहीं; नगर पडलें, आणि पुढें लोक त्यास मिसर देशांत घेऊन गेले.

आम्हीं त्या घरधन्यास हाच अध्याय वाचून दाखविला. देवानें वेढ्यांत यिर्मयास शेत घ्यावयास सांगितलें, आणि तुम्हांस कोणी त्याच्याच नांवानें पेरणी सोडावयास सांगितलें. ह्या दोन वाणी जुळतात काय, तें तुम्हीच पाहा, एवढेंच आम्ही बोललों.

मत्तयाच्या अध्यायांत धनी परत येतो तेव्हां कोणता दास धन्य ठरतो? घरच्या माणसांस वेळच्या वेळीं अन्न देणारा. त्यानें वेशीवर जाऊन रस्ता न्याहाळला, असें तेथें लिहिलें नाहीं. थेस्सलनीकेच्या मंडळींत प्रभूचा दिवस येऊन ठेपल्याची आवई उठली होती, आणि कांहीं जण काम सोडून रिकामे हिंडत होते. स्वतः तंबू शिवून पोट भरणाऱ्या पौलानें त्यांस, आपल्या कष्टाची भाकर खा, असें बजाविलें. धनी उशीर लावितो असें म्हणून सोबत्यांस मारणारा दासही त्याच अध्यायांत आहे, आणि तो आमच्या मंडळ्यांत कमी नाहीं. बांधाच्या वादावरून सख्ख्या भावाशीं दहा वर्षें अबोला धरणाऱ्यास तारखेची काय गरज? रात्रीं पिकास पाणी देतांना साप चावला, तरी हिशेबाचा दिवस आलाच.

उपदेशक बंधूंस आमची एक विनंती आहे. तारीख सांगणारा कोणी गांवांत आला तर त्याच्याशीं भांडूं नये. त्यास मंडळीच्या पंचांपुढें बसवावें, आणि तारीख टळल्यास विकलेली बैलजोडी तो भरून देईल काय, एवढें शांतपणें विचारावें. आणि जे फसून, लाजेनें घरीं बसले आहेत, त्यांच्याकडे येत्या रविवारच्या आधींच जावें. झालेल्या गोष्टीचा विषय आपण काढूं नये. त्यांच्या ओसरीवर बसून यिर्मयाचा ३२ वा अध्याय वाचावा, प्रार्थना करावी, चहा दिला तर घ्यावा, आणि उपासनेची वेळ सांगून निघावें.