उरलेले तुकडे



माझ्या टेबलाच्या खणात तीन जुने मोबाईल पडून आहेत. वापरात नाहीत आणि टाकवतही नाहीत. तुमच्याही घरी असा एखादा खण असेलच. त्यांतील बॅटरी 'मेली' असे आपण म्हणतो. पण तिच्यात नेमके काय मेले?

वापरून वापरून बॅटरीची आतली रचना झिजते. तिच्यातील कोबाल्ट मात्र संपत नाही. अ‍ॅरिस्टॉटलच्या भाषेत सांगायचे तर रूप गेले, द्रव्य उरले. आणि द्रव्यात दुसरे काही होण्याची क्षमता असते. कारखान्यात अशा बॅटऱ्यांतील उरलीसुरली वीज काढून टाकतात, त्या फोडून दळतात, निघालेली काळी भुकटी आम्लात विरघळवतात आणि कोबाल्ट, निकेल, लिथियम वेगवेगळे करतात. ह्या धातूंपासून उत्प्रेरकही बनवता येतात. उत्प्रेरक म्हणजे रासायनिक क्रिया वेगाने घडवणारा, पण स्वतः तीत खर्च न होणारा पदार्थ. डिझेलमधील गंधक काढायला कोबाल्ट व मॉलिब्डेनमचा उत्प्रेरक लागतो. तेलाचे वनस्पती तूप होते ते निकेलच्या उत्प्रेरकामुळे.

मग कोणी विचारील, 'फादर, धातू परत मिळतोच, तर दरवर्षी नवा मोबाईल घ्यायला काय हरकत आहे?'

हरकत आहे. जगातील निम्म्याहून अधिक कोबाल्ट आफ्रिकेतील काँगो देशातून येतो. तेथील काही खाणींवर लहान मुले खनिज वेचतात, धुतात, पोती वाहतात, हे अ‍ॅम्नेस्टी इंटरनॅशनलने २०१६ साली जगापुढे मांडले. धातू परत मिळवता येतो. त्या मुलाचे हरवलेले बालपण कोणत्या आम्लाने परत मिळवणार?

प्रभू येशूने पाच भाकरींत पाच हजारांना जेवू घातले. ज्याला एवढे करता आले, त्याला दुसऱ्या दिवशीही ते करता आले असते. तरीही त्याने शिष्यांना उरलेले तुकडे गोळा करायला लावले, आणि बारा टोपल्या भरल्या. पुन्हा मिळवता येते म्हणून वाया घालवण्याची मुभा मिळत नाही, हाच त्यातला धडा आहे. देणगी जितकी विपुल, तितकी ती जपण्याची जबाबदारी मोठी.

म्हणून आपली कर्तव्ये दोन. पहिले, वस्तू चालते तोवर वापरावी. दुसरे, ती संपल्यावर योग्य हाती द्यावी. खणात ठेवलेला कोबाल्ट कोणाच्याच उपयोगी पडत नाही. त्याच्या जागी जमिनीतून नवा काढावा लागतो. कचऱ्यात टाकलेली बॅटरी पेट घेऊ शकते, आणि उघड्या हातांनी ती फोडणारा माणूसही आपलाच शेजारी आहे. भारतात २०२२ च्या नियमांनी जुन्या बॅटऱ्यांच्या पुनर्वापराची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. पण आपण खण उघडल्याशिवाय त्यांच्यापर्यंत काय पोहोचणार?

येत्या रविवारी मिस्सानंतर चर्चच्या दाराशी एक पेटी ठेवली जाईल. जमा झालेले मोबाईल आपण अधिकृत पुनर्वापर केंद्राकडे सोपवू. बॅटरी फुगलेली असल्यास पेटीत न टाकता आधी मला सांगावे.

माझे तीन मोबाईल पेटीत सर्वांत आधी पडतील.

प्रभूमध्ये आपला,
प्रमुख धर्मगुरू