पहिला नांगर कुणाचा?

परळी वैजनाथच्या औष्णिक वीज केंद्राला गावात सगळे ‘थर्मल’च म्हणतात. १९७१मध्ये तिथला पहिला संच सुरू झाला आणि विजेबरोबर राखही निघू लागली. पत्र्यांवर, पिकांवर, वाळत घातलेल्या धुण्यावर ती बसे. ती कुणाची, हा प्रश्न कुणाला पडत नसे. तिचा त्रास तेवढा होई. पुढे विटांत आणि सिमेंटात तिचा उपयोग होऊ लागला, राखेला भाव आला, आणि ती उचलायची कुणी यावरून तंटे उभे राहिले. मालकीचा प्रश्न बहुधा भावाच्या पाठोपाठच येतो.

बेवारस वस्तूवर न्यायाने पहिला हक्क कुणाचा? इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉकने १६८९मध्ये उत्तर दिलं : माणसाचं शरीर त्याचं, म्हणून श्रमही त्याचे, ज्यात त्याने ते मिसळले, ती वस्तू त्याची. मात्र इतरांसाठी पुरेसं आणि तितकंच चांगलं उरलं पाहिजे. व्यक्तीचं स्वातंत्र्य आणि खासगी मालकी सरकारच्या वर मानणारा लिबर्टेरियन विचार याच पायावर उभा आहे. त्यातल्या मरे रॉथबार्डच्या मते पडीक जमिनीवर नुसता दावा सांगून ती कुणाची होत नाही, सरकारचीही नाही. त्याच विचाराच्या रॉबर्ट नोझिकने १९७४मध्ये या मिसळण्यातली खोच काढली : टोमॅटोचा रस समुद्रात ओतला, तर समुद्र माझा झाला, की माझा रस वाया गेला?

मराठवाड्यात हा प्रश्न समुद्राला नव्हे, गायरानाला विचारावा लागतो. गुरांसाठी राखलेल्या मुरमाड माळावर भूमिहीन दलितांनी दगड वेचले, बांधाला रचले, ज्वारी पेरली. दादासाहेब गायकवाडांनी भूमिहीनांचे सत्याग्रह केले ते १९५९ आणि १९६४मध्ये. पुढे बीड जिल्ह्यात एकनाथ आवाडांनी गायरानाचा लढा चालवला.

कायद्याला मात्र बेवारस जमीन ठाऊकच नाही. जमीन महसूल संहितेच्या कलम २०नुसार जी कुणाचीच नाही, ती सरकारची. त्यामुळे गायरान कसणाऱ्याचं नाव सातबाऱ्यावर येत नाही. ते चढतं गाव नमुना एक-ईमध्ये, अतिक्रमणाच्या नोंदवहीत. त्याला दंड होतो, आणि दंडाची पावती तो प्लास्टिकच्या पिशवीत, रेशनकार्डाशेजारी जपतो. कारण २८ नोव्हेंबर १९९१च्या शासन निर्णयाने १४ एप्रिल १९९०पर्यंतची अशी अतिक्रमणं नियमित करायचं ठरवलं, तेव्हा पुरावा हवा होता तो जमीन कसत असल्याचा. गुन्ह्याची पावती हाच हक्काचा दाखला!

‘कसेल त्याची जमीन’ ही घोषणा आपण डाव्यांच्या खात्यावर टाकतो. गायरानात उभं राहून ऐकली तर ती लॉकची वाटते. सरकारला उद्देशून असेल तर थेट रॉथबार्डची. आपल्याकडेही हा विचार जुनाच. खुंट तोडून रान मोकळं करणाऱ्याचं शेत, असं मनुस्मृतीचा नववा अध्याय सांगतो. दहावा अध्याय मात्र शूद्राला धनसंचयाची मनाई करतो. नियम चोख होता. तो कुणाला लावायचा, तिथे खोट होती.

पण गायरान रिकामं कुठे होतं? तिथे गुरं चरत, मेंढरं बसत, बाया गोवऱ्यांसाठी शेण वेचत. हाही वापरच, त्याची नांगरासारखी खूण उरत नाही, एवढंच. सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०११ला जगपाल सिंग खटल्यात गावाच्या सामायिक जमिनी मोकळ्या करायला सांगितलं, ते अशा वापराची कदर करूनच. त्यातही सरकारी अधिसूचनेने भूमिहीनांना किंवा अनुसूचित जाती-जमातींना पट्टा दिला असेल, तर अपवादाला वाव ठेवला.

मग पहिला नांगर पुरेसा नाही. पन्नास एकरांचा धनीही बांध सरकवून गायरानात शिरतो, आणि तिथेही नांगर चालतोच. फरक ठरतो तो लॉकच्या अटीने : एकाने पोटापुरतं घेतलं, दुसऱ्याने इतरांचं उरलंसुरलं घेतलं. शिवाय धन्याचा नांगर हाकतो सालगडी. नोकराने कापलेली गवताची ढेकळं लॉकने बिनदिक्कत मालकाच्या नावावर लावली होती. सालगड्यांच्या मुलखात त्याचा सिद्धांत नेमका इथे अडखळतो. श्रमाने हक्क मिळत असेल, तर आधी घाम कुणाचा ते विचारायला हवं. पिशवीतल्या त्या पावतीवर निदान नाव तरी कसणाऱ्याचंच असतं.