विराटपुत्राचा संशय

गीतेच्या चौथ्या अध्यायाच्या अखेरीस संशयग्रस्त माणसाच्या विनाशाविषयी जे कठोर वचन आले आहे, त्याचा विनियोग अलीकडे अशा एका प्रयोजनासाठी होऊ लागला आहे की, ज्याची कल्पना आमच्या जुन्या भाष्यकारांपैकी एकालाही शिवली नसती. घरी बसून मोबाइलवरून माल विकू पाहणाऱ्या, पण ‘आपल्याच्याने हे निभेल काय?’ या शंकेने महिनोन्‌महिने अडून राहिलेल्या नवख्या व्यापाऱ्यांना धीर देणारा जो एक उपदेशकवर्ग उदयास आला आहे, त्याच्या व्याख्यानांत हे वचन हमखास येते. आणि त्यावरून निघणारा निष्कर्षही ठरलेला असतो, की शंका झटकून टाका, स्वतःवर विश्वास ठेवा आणि उडी घ्या. या मंडळींचा हेतू वाईट आहे असे मी म्हणत नाही. परंतु त्या श्लोकात अज्ञान, अश्रद्धा आणि संशय ही तिन्ही एकत्र सांगितली आहेत, आणि पुढे संशय छेदण्यासाठी जे शस्त्र हाती दिले आहे ते ज्ञानाचे आहे, उत्साहाचे नव्हे, एवढी गोष्ट तरी त्यांनी श्रोत्यांपासून दडवून ठेवू नये.

शिवाय अर्जुनाची अडचण मुळात ही नव्हतीच. जय कोणाचा होईल हे आपल्याला कळत नाही, असे तो दुसऱ्या अध्यायात कबूल करतो हे खरे. पण आपला बाण लागेल की नाही, ही चिंता त्याला क्षणभरही पडलेली दिसत नाही. किंबहुना बाण लागणार, आणि तो भीष्म-द्रोणांना लागणार, याची पुरेपूर जाणीव असल्यामुळेच त्याचे गाण्डीव हातातून गळते. हे करावे की करू नये, हा त्याचा प्रश्न. मला हे जमेल की नाही, हा त्याचा प्रश्न नव्हे. फणसपोळीचे पार्सल पुण्याला पाठवावे की नाही या विवंचनेत पडलेल्या माणसाला कुरुक्षेत्रावर आणून उभे करणे म्हणजे गीतेलाही अडचणीत टाकणे आहे आणि त्या बिचाऱ्यालाही.

आत्मसंशयाने गलितगात्र झालेला खरा पुरुष महाभारतात अन्यत्र आहे, आणि आपण त्याला केवळ हसण्यावारी नेले आहे. विराटराजा दक्षिणेकडच्या गोग्रहणात गुंतलेला असताना कौरवांनी उत्तरेकडून गाई वळवल्या, आणि गवळ्यांचा अध्यक्ष धावत राजवाड्यात आला, तेव्हा तेथे राजपुत्र उत्तर तेवढा होता. अंतःपुरातल्या स्त्रियांसमोर त्याने सांगितले, की एक चांगला सारथी मिळता तर मी आत्ताच कौरवांचा निकाल लावला असता. सैरंध्रीने सारथी सुचवला, बृहन्नडा (म्हणजे वेष पालटलेला अर्जुन) रथावर बसली, बहिणीने बाहुल्यांसाठी शत्रूंची रंगीत वस्त्रे आणायला सांगितली, आणि रथ निघाला. पुढे समोर सेनासागर दिसताच उत्तराच्या अंगावर काटा उभा राहिला, त्याने रथातून उडी टाकली आणि तो पळत सुटला. बृहन्नडेने वेणी आणि लाल वस्त्रे उडवीत त्याच्या मागे धावून त्याला केसांनी धरले. तेव्हा मला सोड, सोने देतो, रत्ने देतो, अशी त्याने गयावया केली.

येथून पुढचा भाग आपण नीट वाचत नाही. अर्जुनाने या मुलाला व्याख्यान दिले नाही. तू क्षत्रिय आहेस याची चार शब्दांत आठवण देऊन त्याने सांगितले, की तुला लढवत नसेल तर घोडे हाक, लढायचे मी पाहतो. त्याच्याआधी आणखी एक काम सांगितले, स्मशानाजवळच्या शमीवर चढून शस्त्रांचे गाठोडे खाली काढण्याचे. त्या गाठोड्यात प्रेत आहे अशी वदंता असल्यामुळे उत्तराने तेथेही हरकत घेतली, मग शंका फिटल्यावर तो झाडावर चढला, मग त्याने लगाम हाती घेतले, आणि ज्या सेनेकडे पाहून तो पळाला होता त्याच सेनेत त्याने रथ नेला. त्याचा आत्मविश्वास आधी परत आला आणि मग तो कामाला लागला, असा क्रम व्यासांनी सांगितलेला नाही. भीती होती तशीच होती; तिच्या जोडीला झेपेल एवढे एक काम मिळाले. आणि सभेत बापाने विजयाबद्दल गौरव केला तेव्हा अंतःपुरातला तोच बढाईखोर मुलगा म्हणाला, की जय माझा नव्हे, एका देवपुत्राचा आहे. बढाई आणि भीती या दोन्ही एकदमच गळून पडल्या, कारण दोहोंचे मूळ एकच होते: आपण कसे दिसतो याचा अखंड विचार.

ऑनलाइन व्यापारात हे मूळ विशेष फोफावते, आणि त्याला कारण आहे. पेठेतल्या दुकानदारासमोर गिऱ्हाईक उभे असते. ते घासाघीस करते, नाक मुरडते, शेजारच्या दुकानात जाते, आणि का गेले हे त्याच्या चेहऱ्यावर निम्मेअधिक वाचता येते. रत्नागिरीकडची एखादी गृहिणी आमसुले, कुळथाचे पीठ आणि कोकमाचे आगळ यांची छायाचित्रे मोबाइलवर टाकते, तेव्हा तिला दिसतो तो फक्त आकडा: इतक्यांनी पाहिले, एकानेही घेतले नाही. भाव जड वाटला, छायाचित्र अंधारे आले, टपालखर्च अंगावर आला, की नुसताच महिनाअखेर होता, यांपैकी काहीही त्या आकड्यात लिहिलेले नसते. आणि जी जागा रिकामी असते ती मन स्वतःविषयीच्या वाईटात वाईट मताने भरून काढते. 2016 साली यूपीआय आल्यापासून पैसा क्षणात खात्यावर जमा होऊ लागला, तसे त्याचे न येणेही क्षणाक्षणाला दिसू लागले. अदृश्य गिऱ्हाइकाचा हा मामला अगदी नवा आहे असे मात्र नाही. टपाल खात्याने 1877 साली व्ही. पी.ची, म्हणजे पार्सल हाती देतानाच पैसे वसूल करण्याची, सोय केली, आणि त्यानंतर मराठी मासिकांच्या मागच्या पानांवरून पुस्तकांपासून केशतेलांपर्यंत किती माल न पाहिलेल्या गिऱ्हाइकांकडे रवाना झाला त्याला गणती नाही. ‘सीओडी’ची पार्सले आज दारावरून परत येतात, तशी व्ही. पी.ची पाकिटेही येत. फरक इतकाच, की त्या विक्रेत्याला उत्तराची वाट पाहण्यात आठवडा काढावा लागे, आणि त्या आठवड्यात त्याला दुसरी कामे करता येत.

मग शंकेचे करायचे काय? आमच्या नैयायिकांनी या बाबतीत जो विवेक केला आहे तो व्यापाऱ्याच्याही उपयोगी पडावा. न्यायसूत्रकार गौतमाच्या सोळा पदार्थांत प्रमाण आणि प्रमेय यांच्यामागोमाग तिसरे स्थान संशयाला आहे. म्हणजे ज्ञानाच्या घरात तो सन्मानाने बसलेला आहे. सर्वस्वी अज्ञात वस्तूविषयी विचार चालत नाही, निर्णीत वस्तूविषयी तो लागत नाही, संदिग्ध वस्तूविषयीच तो चालतो, असे न्यायभाष्यकार वात्स्यायनाने म्हटले आहे. आपले ज्ञान खरे की खोटे हे कशावरून ठरते, याला त्याचे उत्तर असे, की त्या ज्ञानानुसार केलेली प्रवृत्ती सफल झाल्यावरून. समोर दिसते ते पाणी की मृगजळ, हे तहानलेल्याने तेथवर जाऊनच ठरवायचे. पण जाण्यापूर्वी निश्चय हवा, आणि निश्चयासाठी जाणे हवे, असा पेच येथे उभा राहतो. तो नैयायिकांनी सरळ सोडवला: प्रवृत्तीला निश्चय लागतच नाही, संशयही पुरतो. शेतकरी पाऊस पडेल या खात्रीने पेरणी करीत नाही. पडेल न पडेल अशा स्थितीतच पेरतो. चौदाव्या शतकातल्या मिथिलेच्या गंगेशाने तर संशयाची सीमाच आखून दिली. अग्नी आणि धूम यांच्या संबंधाविषयी वादात वाटेल तेवढी शंका काढणारा माणूसही धूर हवा असला म्हणजे अग्नीच पेटवतो, आणि तृप्तीसाठी अन्नच खातो. स्वतःच्याच आचरणाने जिचे खंडन होते ती शंका तेथे थांबली पाहिजे. श्रीहर्षासारख्या खंडनकाराने या तर्कपद्धतीवर आधीच आघात करून ठेवला होता, आणि तो वाद संपला आहे असे कोणी समजू नये. परंतु वाद मिटेपर्यंत चूल न पेटवण्याचा सल्ला श्रीहर्षानेही दिल्याचे माझ्या वाचनात नाही.

या दृष्टीने पाहिले म्हणजे आमच्या त्या विक्रेतीच्या मनातल्या शंका एका जातीच्या नाहीत असे दिसते. आगळाची बाटली वाटेत गळेल काय, पावसाळ्यात फणसपोळीला बुरशी येईल काय, 2006च्या अन्नसुरक्षा कायद्याप्रमाणे नोंदणी झाली आहे काय, या शंका मौल्यवान आहेत. त्या झटकायच्या नसतात, नागपूरच्या मावशीला एक बाटली पाठवून, आणि नोंदणीचा अर्ज गुदरून, निकालात काढायच्या असतात. या शंका गिळून ‘सारे ठीक होईल’ म्हणणाऱ्याला क्लिफर्ड या इंग्रज तत्त्वज्ञाने 1877च्या निबंधात कायमचे आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले आहे. त्याचा जहाजमालक जुन्या जहाजाविषयीची शंका प्रयत्नपूर्वक मनातून काढून टाकतो, ईश्वरावर हवाला ठेवतो, देशांतराला निघालेल्या कुटुंबांना त्यात बसवतो, आणि जहाज बुडाल्यावर विम्याचे पैसे घेतो. त्याचा विश्वास प्रामाणिक होता. पण तसा विश्वास बाळगण्याचा त्याला अधिकार नव्हता. जहाज सुखरूप पोहोचले असते तरीही तो दोषीच ठरला असता, असे क्लिफर्ड बजावतो, आणि उडी घ्यायला सांगणाऱ्यांनी हे वाक्य विसरू नये.

उरते ती ‘मी कोण हे करणारी?’ ही शंका. हिला प्रमाण लागू पडत नाही, म्हणून ती प्रमाणांनी फिटतही नाही. ती नम्रतेचा वेष घेऊन येते, आणि पुष्कळदा उद्योगाचाही: बोधचिन्हाचे रंग चार वेळा बदलणे, संकेतस्थळाची मांडणी पुन्हा पुन्हा करणे, आणखी एक अभ्यासक्रम पुरा करणे. ही सर्व कामे कामासारखी दिसतात, परंतु त्यांतले एकही असे नसते की ज्याला गिऱ्हाईक नकार देऊ शकेल. गीतेतला फलत्यागाचा उपदेश लावायचाच असेल तर तो येथे लागू पडेल, कारण या माणसाला नफ्याची नव्हे, प्रशस्तिपत्राची आसक्ती आहे, आणि तेही काम करण्यापूर्वी हवे आहे. त्याला लगाम द्यावेत. पन्नास जिन्नसांचे दुकान थाटण्याऐवजी एक जिन्नस, ओळखीची चार गिऱ्हाइके, आणि त्यांनी काय परत केले व का केले याची साध्या वहीतली नोंद, एवढा व्यवहार उत्तराला पेलेल असा आहे.

यातून यश येईलच, असे मात्र मी लिहून देणार नाही. तोच उत्तर पुढे भारतीय युद्धाच्या पहिल्या दिवशी शल्याच्या हातून पडला. त्या दिवशी तो पळाला नव्हता, एवढेच. आणि व्यापारातून उठण्याची वेळ येणे हेही आपल्याकडे अप्रतिष्ठेचे नाही, कारण महाराष्ट्रातला सर्वांत थोर भक्तकवी दिवाळे निघालेला व्यापारी होता. 1630च्या सुमाराच्या दुष्काळात तुकोबांचे दुकान मोडले, प्रथम पत्नी अन्नाविना गेली, लोकांत लाज वाटू लागली, हे त्यांनी आपल्या अभंगांत स्वतःच सांगितले आहे. परंपरा सांगते की मग त्यांनी कर्जखतांच्या वाटण्या केल्या, निम्मी खते भाऊ कान्होबाच्या हाती दिली आणि आपल्या वाट्याची इंद्रायणीत सोडली. तो प्रसंग कीर्तनात ऐकताना एक बारीक गोष्ट कानाआड होते: ती खते लोकांकडून येणे असलेल्या पैशांची होती. दुसऱ्याचे देणे पाण्यात सोडण्याचा अधिकार तुकोबांनी घेतला नाही, आणि कान्होबाच्या वाट्यालाही हात लावला नाही. जिला आपले ऑनलाइन दुकान बंदच करावेसे वाटते, तिने ते खुशाल करावे. त्यापूर्वी ज्यांची रक्कम आगाऊ जमा झाली आहे त्यांचा माल रवाना करावा, नाहीतर पैसे परत करावेत, आणि दारात आलेल्या कुरिअरवाल्याचा हिशेब चुकता करावा.