गुण कोणाचा?

वाशीमकडच्या खेड्यांत अंगात येणाऱ्या बाईच्या अंगाऱ्याने पोटदुखी थांबल्याचे सांगणारी माणसे आजही भेटतात. ती खोटे बोलतात असे मला वाटत नाही. प्रश्न एवढाच, की हा गुण कोणाचा?

गोव्यातील कांदोळी गावी १७५६ साली जन्मलेल्या आबे फारिया या धर्मगुरूंनी १८१३ पासून पॅरिसमध्ये याचे उत्तर जाहीरपणे दिले: माझ्या हातांत कसलीही शक्ती नाही, निद्रा येते ती निजणाऱ्याच्याच मनातून. डॉक्टर मेस्मर यांनी चुंबकी द्रवाच्या नावावर कीर्ती मिळविली होती. फारियांच्या वाट्यास १८१६ मध्ये रंगभूमीवरील टवाळी आली. १८१९ साली ते वारले. मँचेस्टरचे शल्यवैद्य ब्रेड यांचा संमोहनावरील ग्रंथ त्यानंतर चोवीस वर्षांनी निघाला.

लोकांना शक्तिमान माणूस हवा असतो, आणि तो तसा वाटला तर पुष्कळदा गुणही लवकर येतो. मग खरे सांगणारा वैद्य रोग्याचे नुकसान करतो काय? मला तसे म्हणवत नाही. दुखणे अपेंडिक्सचे निघाले, तर अंगाऱ्यावर विसंबलेला दवाखान्यात उशिरा पोहोचतो. आणि आपोआप बरा झालाच, तर जन्मभर त्या बाईचा मिंधा राहतो.

पणजीत १९४५ साली फारियांचा पुतळा उभारला गेला. त्यात समोरच्या स्त्रीवर त्यांनी दोन्ही हात पसरले आहेत, जणू सारे त्या हातांतूनच निघते आहे!