विकलेले तांदूळ

दान मिळालेले धान्य घेणाऱ्याने बाजारात विकले, तर तो अपराध ठरतो काय? निर्वासितांच्या छावण्यांचा विषय निघाला की, ‘ज्यांना जगवावे तेच धान्य विकतात’ असे संतापाने म्हटले जाते. या संतापाची एकदा परीक्षा केली पाहिजे.

ऑगस्ट २०१७ पासून म्यानमारच्या राखाइन प्रांतातून ७ लाखांहून अधिक रोहिंग्या बांगलादेशातील कॉक्स बाजार जिल्ह्यात आश्रयाला आले. आरंभी त्यांना शिधा म्हणून तांदूळ, डाळ व तेल मिळे. त्यावर प्राण तगतो. पण मिरची, भाजी, मासळी कोठून आणावी? रीतसर नोकरीधंद्याला परवानगी नाही. तेव्हा एखादी माता थोडे तांदूळ विकून मुलांसाठी सुकी मासळी आणते; कोणी झोपडीच्या छपरावर भोपळ्याचा वेल चढवतो.

पुढे शिध्याऐवजी कार्डे आली व ठरावीक दुकानांतून पसंतीच्या वस्तू घेता येऊ लागल्या. परंतु निधी आटला. दरमहा माणशी १२ डॉलरची मदत मार्च २०२३ मध्ये १० डॉलर व जूनमध्ये ८ डॉलर झाली. २०२४ मध्ये ती पुन्हा वाढविण्यात आली. ज्याच्या ताटातील घास दूरदेशीचा दाता ठरवतो, त्याच्या पराधीनतेची कल्पना यावरून यावी.

धान्य विकण्यात तोटा आहे, हे खरे. अडलेल्याचा माल व्यापारी पडत्या भावात घेतो आणि महिनाअखेरीस घरातील मडके रिकामे होते. परंतु यात दोष कोणाचा? अडचणीचा लाभ उठवणाऱ्याचा, की लेकरांचा घास चवीचा व पौष्टिक करू पाहणाऱ्या मातेचा?

दिलेली वस्तू घेणाऱ्याची होते, हा दानाचा साधा नियम आहे. देऊनही तिच्यावर हक्क सांगणाऱ्याने मनाने ती दिलेलीच नसते. संत थॉमस अक्वायनस तर याहून पुढे जातात: पराकोटीच्या गरजेत सृष्टीतील वस्तूंवर सर्वांचा अधिकार असतो, असे ते शिकवतात. मग भुकेल्याला मिळालेला शिधा हा आपला उपकार कसा? तो त्याचा हक्कच होय.

माणसाला पोट असते, तशी आवडनिवड असते आणि स्वतःच्या मुलांचे हित ओळखण्याची बुद्धीही असते. घर गमावलेल्या मातेजवळ निर्णय घेण्याची एवढीच जागा उरली आहे. दान देताना आपण तीही हिरावून घ्यावी काय, याचा विचार प्रत्येकाने आपल्या मनाशी करावा.