कारण, कृपा आणि लेकरू

न बोलणारे मूल एके दिवशी बोलू लागले म्हणजे घरात आनंदाच्या पाठोपाठ एक प्रश्न उभा राहतो, आणि तो असा की, हे झाले कशाने? वरवर पाहता प्रश्न वैद्यकाचा आहे. परंतु ज्यांच्या घरी स्वमग्न मूल वाढत आहे आणि ज्यांनी त्याच्यासाठी वैद्य, हकीम, होमिओपॅथ आणि देवऋषी ह्यांचे उंबरे झिजविले आहेत, त्यांना तो अखेरीस धर्माच्या आणि तत्त्वज्ञानाच्या दाराशी आणून सोडतो. कृतज्ञता कोणाकडे वळवावी हे त्यात ठरावयाचे असते, आणि त्या लेकराचे मोल त्याच्या बोलण्यावरून करावयाचे काय, हेही.

आम्ही नांदेडचे, मुलाचे आजोळ लातूरचे. ह्या मुलखात श्रद्धेची ठाणी पावलोपावली आहेत. माहूरगडावर रेणुकामाता आणि दत्तप्रभू, माळेगावास खंडोबा, कंधारास हाजी सय्याह ह्यांचा दर्गा, लातूरास सिद्धेश्वर. आणि दुःखी माणूस ह्यांपैकी कोणत्याही दारात उभा राहताना जातधर्म पाहत नाही, ही मराठवाड्याची जुनी रीत आहे. आमच्या मुलाच्या तिसऱ्या वर्षापासून जे जे कोणी सुचविले ते ते घरात आले. आजीने वेखंड मधात उगाळून जिभेवर लावले, मामांनी दर पुष्य नक्षत्राला सुवर्णप्राशन करविले, ब्राह्मी घृत झाले, साखरेच्या गोळ्या झाल्या, दंडात ताईत बांधला गेला, मीठमोहऱ्यांनी दृष्ट तर रोजच निघे. गहू आणि दूध बंद करण्याचा सल्ला परदेशातील एका नातलगाकडून आला. ज्वारीच्या घरात गव्हाचे काही अडले नाही, दुधाने मात्र रडवले. ह्या सर्वांबरोबर, आणि घरच्यांच्या लेखी ह्या सर्वांच्या मागे, लातूरची स्पीच थेरपी चालू होती.

त्या थेरपिस्ट बाईंनी त्याच्या आईला एक साधी गोष्ट शिकविली होती. मुलाला जे आवडते ते करीत असताना मध्येच थांबावयाचे, आणि त्याच्याकडून काही येईपर्यंत वाट पाहावयाची. त्याला भाकरी थापण्याचा आवाज आवडे. काटवटीजवळ तो मांडी घालून बसे, आईच्या तोंडाकडे न पाहता केवळ तिच्या पंजाकडे पाही, आणि थापेच्या तालावर डोलत असे. ती भाकरी अर्धी थापून हात अधांतरी थांबवी. पहिल्या दिवसांत तो तिचे मनगट धरून पिठावर दाबी. पुढे मनगट सोडून क्षणभर तिच्या डोळ्यांकडे पाहू लागला. तवा तापून धूर निघे, परात वाट पाही, तरी ती थांबे. फार महिन्यांनी, पावसाळ्यातल्या एका सायंकाळी, तो ‘था’ म्हणाला, आणि दिवाळीच्या सुमारास ‘थाप’ हा पुरा शब्द घरात उमटला.

बातमी आजोळी पोचली तेव्हा आजी म्हणाल्या, “वेखंडानंच जीभ सुटली माझ्या लेकराची.” मामा सोन्याचे नाव घेत होते, शेजारच्या चाचींना ताईत आठवला, आणि कोणी एकाने माहूरचा नवस फेडावयाची आठवण करून दिली. सर्वांचे प्रेम खरे होते. परंतु त्या श्रेयाच्या वाटणीत काटवटीवर थांबलेल्या हाताचे नाव कोणी घेतले नाही, आणि ज्याने तो शब्द आपल्या कंठातून ओढून काढला त्या मुलाचे तर कोणाच्या मनातही आले नाही.

कार्यकारणाचा निवाडा कसा करावा ह्याचे आमच्या नैयायिकांइतके बारकाईने विवेचन क्वचितच कोणी केले असेल. कार्याच्या आधी उपस्थित असणारी प्रत्येक वस्तू त्याचे कारण नव्हे, असे बजावून विश्वनाथ पंचाननाने ‘भाषापरिच्छेदा’त अशा अनावश्यक पूर्ववर्तींना ‘अन्यथासिद्ध’ म्हटले आणि त्यांचे पाच प्रकार सांगितले. घटाचे उदाहरण घेतले तर कुंभाराचा बाप त्यांत आहे, कारण तो नसता तर कुंभार झाला नसता, परंतु घट काही त्याने घडविला नाही. आणि शेवटी माती वाहून आणणारे गाढवही आहे, कारण ह्या एका घटाच्या आधी ते दारात उभे होते हे खरे असले तरी त्याच्यावाचूनही घट होतात. आमच्या घरात त्या सायंकाळी वेखंडही होते आणि ताईतही होता. प्रश्न एवढाच की, त्यांच्यावाचून मुले बोलतात की नाही?

बोलतात, असे आता पुष्कळ निरीक्षणांती कळून आले आहे. चौथ्या वर्षी ज्यांची भाषा अत्यंत मागे होती अशा ५३५ स्वमग्न मुलांची माहिती अमेरिकेतील संशोधकांनी २०१३ साली प्रसिद्ध केली. त्यांपैकी ३७२ मुले, म्हणजे सुमारे ७० टक्के, पुढे निदान लहान वाक्यांनी बोलू लागली होती आणि २५३ मुले अस्खलित बोलत होती. स्वमग्नता ही साचून राहिलेली स्थिती नाही. मूल आपल्या गतीने, आपल्या वाटेने वाढतच असते, आणि त्या वाढीच्या काळात जो उपाय चालू असेल त्याच्या पदरात यश आपोआप पडते. काल हे सर्वच कार्यांचे साधारण कारण होय, असे नैयायिक मानतात. आईबाप तेवढे त्याला हिशेबात धरावयास विसरतात, कारण काळाचे बिल येत नाही आणि त्याची पुडी बांधून मिळत नाही.

ह्या संदर्भात ‘सिक्रेटिन’ ह्या द्रव्याची हकीकत प्रत्येक पालकाने मनात ठेवावी अशी आहे. आतड्यात तयार होणाऱ्या ह्या संप्रेरकाची सुई दिल्याने स्वमग्न मुले सुधारल्याच्या वार्ता १९९८ मध्ये अमेरिकेत पसरल्या आणि पालकांची झुंबड उडाली. पुढील वर्षी ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये एका चाचणीचा निकाल छापून आला. ५६ मुलांपैकी निम्म्यांना खरे औषध आणि निम्म्यांना केवळ मिठाचे पाणी टोचले होते, कोणाला काय मिळाले हे पालकांना ठाऊक नव्हते, आणि अखेरीस दोन्ही गटांत लक्षणीय असा कोणताच फरक आढळला नाही. हा निकाल समजावून सांगितल्यानंतरही त्यांतील ६९ टक्के पालकांनी, आपल्याला त्या औषधात अजून रस आहे, असे सांगितले.

ही ६९ टक्के माणसे मूढ होती असे जो म्हणेल त्याने असे मूल वाढविलेले नाही. मुलासाठी काहीच न करणे म्हणजे त्याला टाकणे, असे आईबापांचे अंतःकरण सतत बजावीत असते. आणि त्या बजावणीला एक क्रूर इतिहासही आहे. १९४३ साली लिओ कॅनर ह्यांनी अकरा मुलांचे वर्णन करून ह्या अवस्थेला वैद्यकाच्या दप्तरात जागा मिळवून दिली. पण पुढे ब्रुनो बेटेलहाइम ह्यांच्यासारख्यांनी आईच्या थंड वागणुकीने मुले अशी होतात, हे मत जगभर रूढ केले. आमच्याकडे हेच फर्मान ‘पूर्वसंचित’ ह्या नावाने निघते आणि बजावले जाते तेही आईवरच. कर्मसिद्धांत माणसाने आपल्या स्वतःच्या आचरणाची झडती घ्यावी म्हणून सांगितला आहे. दुसऱ्याच्या दुःखाची कैफियत ऐकण्यापूर्वीच त्याला दोषी ठरविण्यासाठी जो तो वापरतो, तो धर्माचे नाव घेऊन अधर्म करतो, असे मी पूर्ण विचारान्ती म्हणतो. बर्नार्ड रिमलँड ह्या मानसशास्त्रज्ञाने १९६४ च्या आपल्या ग्रंथात ही अवस्था शरीराची आहे असे प्रतिपादून मातांना आरोपमुक्त केले. तो स्वतः एका स्वमग्न मुलाचा पिता होता. आणि तोच पुढे मोठ्या मात्रेतील जीवनसत्त्वांचा आणि त्याच सिक्रेटिनचा पुरस्कर्ता झाला. इतक्या स्वच्छ बुद्धीच्या पित्यालाही आशेने ओढून नेले, ह्यात मला त्याचे पितृत्वच अधिक दिसते.

म्हणूनच चरकाने सांगितलेले चिकित्सेचे तीन प्रकार मला फार अर्थपूर्ण वाटतात. मंत्र, मणी, होम, उपवास ही दैवव्यपाश्रय. आहार आणि औषध ह्यांची योजना ही युक्तिव्यपाश्रय. आणि अहितकारक विषयांपासून मनाला आवरणे हा सत्त्वावजय. आमच्या घरी पहिल्या दोन्हींचा रुग्ण मुलगा होता. तिसरीची गरज त्याला नव्हती, बापाला होती. आशा ही अहितकारक नव्हे, परंतु मुलाकडे पाहताना त्याच्या जागी दुसऱ्याच एका, कधीही जन्मास न आलेल्या मुलाला पाहणे अहितकारक खरेच. चरकाने वैद्यांचेही दोन वर्ग केले आहेत, प्राण राखणारे आणि रोगाला साथ देणारे. दुसऱ्या वर्गातील लोक कोठे कोणी आजारी आहे ह्याचा कानोसा घेत फिरतात आणि स्वतःचे गुण स्वतःच गातात, असे तो लिहितो. ओळखीच्या एका कुटुंबाने आपल्या मुलाच्या पाठीच्या कण्यात मूलपेशी टोचून घेण्यासाठी शेताचा तुकडा विकला, हे मला ठाऊक आहे. मूलपेशींचा असा उपयोग मान्य चाचणीबाहेर करणे अनैतिक होय, असे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. पण ती तत्त्वे खेड्यापर्यंत पोचत नाहीत, जाहिरात पोचते. वेखंडाने तूट येते ती फार तर चार पैशांची. अशा उपचारात वावर जाते, मुलाला वेदना होते, आणि त्याच पैशातून मिळाली असती अशी शिकवणीची वर्षे बुडतात.

राहिला नवस. त्याच्या आईने कोणालाही न सांगता रेणुकेला बोलून ठेवले होते की, लेकराने ‘आई’ म्हटले तर पायी गड चढून ओटी भरीन. तिच्या भक्तीविषयी मला अणुमात्र शंका नाही. परंतु नवस हा एक करारनामा असतो. त्यात मोबदला ठरतो, मुदत मनात असते, आणि मुदत टळली की देवावर किंवा स्वतःवर फिर्याद सुरू होते. तुकोबांनी ह्या व्यवहारावर कोरडे ओढले ते देवाच्या प्रतिष्ठेसाठी. मला त्यात मुलाचीही प्रतिष्ठा गुंतलेली दिसते, कारण त्या करारात ते जसे आहे तसे मूल ही येणे बाकी ठरते, वसूल व्हावयाची रक्कम ठरते. मी तिला हे कधी बोललो नाही. गेल्या वर्षी तीच म्हणाली, “तो म्हणो न म्हणो, ओटीचं देवीला देणं आहे, ते मी देऊन येते,” आणि आम्ही गड चढलो. मुलाने आजही ‘आई’ म्हटलेले नाही. तो तिला ‘थाप’ म्हणूनच हाक मारतो.

अशा वेळी काही सज्जन जडभरताची, म्हणजे लोकांनी जड मानलेल्या ज्ञानी मुलाची, कथा सांगतात आणि, कोण जाणे, तुमच्याही घरी एखादा सिद्ध असेल, असे सांत्वन करतात. भागवताचा पाचवा स्कंध मी त्या मुलाच्या नव्हे, त्याच्या बापाच्या बाजूने वाचतो. तो ब्राह्मण चार महिने मुलाला गायत्री शिकवीत राहिला, मुलाला ती आली नाही, तरी त्याने मायेने शिकविणे सोडले नाही, आणि शिकविता शिकविताच त्याला मृत्यूने गाठले. पोरगा ज्ञानी होता हे त्याला कधी कळलेच नाही. माझा मुलगा ज्ञानी नसेल. सन्मानासाठी त्याने ज्ञानी असण्याची गरज नाही. मला त्या कथेत भिववणारे आहे ते पुढचे. बापामागे आईही गेली, भावांनी त्याला ‘जड’ म्हणून शिकविणे बंद केले, आणि कोंडा, करपलेले अन्न जे समोर टाकले जाई ते खाऊन तो राबत राहिला. आमच्या पश्चात ह्याचे काय, हा आमच्यासारख्या प्रत्येक घरातला रात्रीचा प्रश्न आहे, आणि त्याला उत्तर देणारे औषध कोणत्याही पद्धतीत नाही.

त्याला काही उत्तर आहे ते राजदरबारी आणि आप्तांच्या मनात. १९९५ च्या अपंगविषयक कायद्यात स्वमग्नतेचा उल्लेखही नव्हता. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास अधिनियमाने तिची दखल घेतली आणि २०१६ च्या कायद्याने एकवीस दिव्यांगत्वांत तिची गणना केली. न्यास अधिनियमान्वये जिल्ह्याची स्थानिक समिती अठरा वर्षांवरील अशा व्यक्तीसाठी पालक नेमू शकते आणि आईबाप आपल्या पसंतीचे नाव त्या अर्जात देऊ शकतात. लातूरात ‘उमंग’सारखी संस्था स्वमग्न मुलांसाठी उभी आहे, तशा आणखी हव्या आहेत, आणि तालुक्याच्या गावीही हव्या आहेत. आमच्या मुलाला अठरा पुरी व्हावयास अवकाश आहे, परंतु अर्जात घालावयाच्या नावाविषयी आम्ही त्याच्या थोरल्या बहिणीशी बोललो. तिने होकार दिला, आणि सुटीत ती आईजवळ बसून ज्वारीची भाकरी थापावयास शिकली. पहिल्या भाकरीच्या कडा फाटल्या, तरी मध्येच हात कोठे थांबवावयाचा हे तिला बरोबर ठाऊक होते.