जामीन झाला, जामीन मिळेना

जिल्हा न्यायालयांच्या व्हरांड्यात एक वाक्य ऐकू येते : "जामीन झालाय, पण जामीन मिळत नाही." नवख्याला ते कोडे वाटेल, तिथे ताटकळणाऱ्या आईला किंवा बायकोला त्याचा अर्थ सांगावा लागत नाही. पहिला जामीन म्हणजे न्यायाधीशांनी दिलेला सुटकेचा आदेश. दुसरा जामीन म्हणजे सातबारा, घरपट्टीची पावती किंवा पगारपत्रक घेऊन उभा राहणारा माणूस. आदेश निघाल्यावरही कित्येक आरोपी तुरुंगातच राहतात, ते पहिला मिळाला आणि दुसरा मिळाला नाही म्हणून. इंग्रजी 'बेल'साठी आपण हा एकच शब्द वापरतो आणि सुटका, हमी व हमीदार ही तिन्ही ओझी त्याच्यावरच टाकतो.

हा शब्द अरबीतून फारसीच्या वाटेने मराठीत आला. मुळात तो माणसाचे नाव आहे : दुसऱ्यासाठी शब्द देणारा, त्याची जबाबदारी अंगावर घेणारा. म्हणून आपण जामीन 'राहतो'. पतसंस्थेच्या कर्जाला जामीन राहून घर गमावलेल्यांच्या कहाण्या गावोगाव आहेत आणि "कुणाला जामीन राहू नकोस" हा सल्ला घरोघर दिला जातो. या शब्दाला पैशाच्या भीतीचा वास आहे, आणि फौजदारी न्यायालयात जाताना तो वासही बरोबर जातो.

आपल्या जुन्या व्यवहाराची भाषा मात्र या बाबतीत आजच्यापेक्षा काटेकोर होती. तिच्यात हाजीरजामीन वेगळा आणि मालजामीन वेगळा. पहिला एवढेच सांगे की बोलावले की हा माणूस हजर होईल. दुसरा पैशाची हमी घेई. फौजदारी न्यायालयाला आरोपीकडून मुख्यतः काय हवे असते? तारखेला हजेरी. म्हणजे गरज हाजीरजामिनाची. पण पारख होते ती मालजामिनाची : जमीन किती, पगार किती, तहसीलदाराचा ऐपतीचा दाखला आहे का. भूमिहीन मजुराला, पालावर राहणाऱ्या पारध्याला, दुसऱ्या राज्यातून बांधकामावर आलेल्या गवंड्याला ओळखणारी, त्याची खात्री देणारी माणसे असतात. त्या माणसांच्या नावावर सातबारा नसतो. मला सगळ्या प्रश्नाचे मूळ इथे दिसते.

इंग्रजी शब्दाचा उगमही पैशात नाही. जुन्या फ्रेंचमधले त्याचे मूळ 'सोपवणे' असे आहे. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये शेरीफ आरोपीला त्याच्या आप्तमित्रांच्या हवाली करी आणि तो हजर होईल याला ते बांधील असत. कोणत्या गुन्ह्यात असे सोडता येईल, हे १२७५ च्या वेस्टमिन्स्टरच्या कायद्याने ठरवले. अवाजवी जामीन मागू नये, असे १६८९ च्या हक्कांच्या सनदेत लिहावे लागले, म्हणजे तोवर रकमेचा जाच सुरू झाला होता. १९७६ च्या कायद्याने इंग्लंडने हजेरीसाठी खुद्द आरोपीकडून रकमेचा मुचलका घेणे बंद केले. हमीदाराची अट तिथे आजही घालता येते, पण सुटकेचा सर्वसाधारण हक्क आधी येतो. अमेरिकेत मात्र पैसे घेऊन जामीन राहण्याचा धंदाच उभा राहिला. रोख जामीन पूर्णपणे रद्द करणारे पहिले राज्य इलिनॉय, तेही २०२३ मध्ये.

आपल्याकडे १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत जामीनपात्र गुन्हा कोणता ते सांगितले होते. जामीन म्हणजे काय, ते नव्हते. हा प्रश्न १९७८ मध्ये मोतीराम नावाच्या मध्य प्रदेशातल्या गरीब गवंड्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयापुढे आला. त्याच्याकडून दहा हजारांचा जामीनदार मागितला होता. भाऊ पुढे आला, पण त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून दंडाधिकाऱ्यांनी तो नाकारला. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी शब्दाच्या अर्थालाच हात घातला : 'बेल'मध्ये जामीनदारासह सुटका येते, तशीच जामीनदाराशिवाय, स्वतःच्या बंधपत्रावरची सुटकाही येते. मोतीरामला एक हजाराच्या स्वतःच्या बंधपत्रावर सोडायला त्यांनी सांगितले. पुढच्याच वर्षी हुसैनारा खातून प्रकरणात, बिहारच्या तुरुंगांत वर्षानुवर्षे खितपत पडलेल्या कच्च्या कैद्यांसाठी न्यायमूर्ती भगवती यांनी तोच मार्ग धरला. समाजात ज्याची मुळे आहेत, तो पळून जाणार नाही, हा त्यामागचा विचार. हाजीरजामिनाची कल्पना याहून वेगळी नव्हती.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने अखेर व्याख्या दिली. तिच्यात जामीन म्हणजे अटी घालून केलेली सुटका. जामीनदारासह दिलेली हमी वेगळी आणि जामीनदाराशिवायचे बंधपत्र वेगळे. तिन्ही गोष्टी कायद्याने सुट्या केल्या. आपल्या बोलण्यात आणि बातम्यांत त्या अजून एकमेकींत गुंतलेल्या आहेत.

'अटकपूर्व जामीन' ही आपली जोडी मात्र मला चोख वाटते. इंग्रजीतले 'अँटिसिपेटरी बेल' हे नाव दिशाभूल करणारे आहे, असे सर्वोच्च न्यायालयानेच १९७६ मध्ये म्हटले होते, कारण असा जामीन अमलात येतो तो अटक झाल्यावरच. मराठी नाव आदेशाची वेळ सांगते आणि तिथेच थांबते.

२०२२ च्या अखेरीस देशातल्या ५,७३,२२० कैद्यांपैकी ४,३४,३०२ कच्चे कैदी होते, म्हणजे दर चारांतले तीन. त्यातले सगळेच जामीनदाराअभावी आत नव्हते. पण असे कैदी आहेत, हे सरकारनेही मान्य केले आहे. म्हणून तर २०२३ मध्ये गरीब कैद्याच्या जामिनासाठी चाळीस हजारांपर्यंत मदतीची योजना केंद्राने आणली. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की जामिनाच्या आदेशानंतर सात दिवसांत सुटका झाली नाही तर तुरुंग अधीक्षकांनी ते जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवावे, आणि अडचण स्थानिक जामीनदाराची असेल तर न्यायालयांनी ती अट घालू नये. मदतीच्या पैशापेक्षा मला हा दुसरा उपाय मोलाचा वाटतो. पैसा भरून मालजामिनाचीच रीत टिकते. अट काढली तर माणूस त्याच्या माणसांच्या भरवशावर घरी जातो.

त्यासाठी लागणारा शब्द मराठीत तयार आहे : जातमुचलका, म्हणजे जामीनदाराशिवायचे स्वतःचे बंधपत्र. वर्तमानपत्रे तो रोज छापतात, पण पुढाऱ्यांच्या आणि नटांच्या बातम्यांत. वकिलांनी गरीब अशिलाच्या अर्जात जातमुचलक्याची मागणी सगळ्यात आधी लिहावी. न्यायाधीशांनी ती नाकारली तर कारण लिहावे. आणि बातमीदारांनी 'जामीन मंजूर' एवढ्यावर न थांबता तो माणूस त्या दिवशी तुरुंगाबाहेर आला की नाही, तेही छापावे.